टहाळातली अळी

माणसाला 'हसा' म्हटलं की तो हसत नाही, दात दाखवतो. आमच्या धंद्यात पहिल्याच हिवाळ्यात मला हे कळून चुकलं. साखरपुडा ठरलेली जोडपी हर्सूल तलावावर यायची, हातभर अंतर ठेवून उभी राहायची, आणि वर आम्हालाच सांगायची, "मॅडम, फोटो एकदम नॅचरल आले पाहिजेत हं." नॅचरल! अरे बाबांनो, तुमची ओळख होऊन महिना झालाय. पाठीमागं मुलीचा भाऊ मोटारसायकलवर बसून डोळ्यांत तेल घालून बघतोय. आपले हात कुठं ठेवायचे हे तुम्हा दोघांनाही कळत नाहीये. मी नॅचरल काय पिशवीतून काढू?

तर मी खरोखरच पिशवीतून काढायचे. टहाळ. म्हणजे ओल्या हरभऱ्याची जुडी, हिवाळ्यात आमच्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते ती. मुलाच्या हातात जुडी द्यायची आणि मुलीला सांगायचं, घाटा सोल, दाणा त्याला दे, पण आधी आत अळी आहे का ते बघ. झालं. हातांना काम मिळायचं, डोकी आपोआप जवळ यायची आणि कॅमेरा दोघंही विसरायची. ती अशी वाकून बघत असतानाच मी जोरात ओरडायचे, "अळी!" मुलगी किंचाळून त्याचा दंड धरायची, तो दचकायचा, मग दोघं खदखदून हसायची. नवखा फोटोग्राफर तिथंच बटण दाबतो. तिथं दाबायचं नसतं, किंचाळताना माणसाचं तोंड वेडंवाकडं होतं. हसू ओसरायला लागलं की दोघं एकदा एकमेकांकडं बघतात, कशी फजिती झाली आपली, म्हणून. तेव्हा दाबायचं. भिंतीवर तोच फोटो लागतो.

हे दाबायचं काम माझ्या मैत्रिणीचं. कॉलेजपासूनची मैत्रीण. टी.व्ही. सेंटरजवळ आमच्या दोघींची एक खोली होती, तेच आमचं ऑफिस. ती कॅमेरा धरायची, मी बोलायचे. कुणी तिला म्हटलं, काय सुंदर फोटो काढता हो तुम्ही, की ती लगेच माझ्याकडं बोट दाखवायची. "फोटो ही काढते. मी नुसतं बटण दाबते." दर वेळी म्हणायची, आणि दर वेळी मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता माझी एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझाही साखरपुडा झाला होता. अंगठी, साडी, पेढे, सगळं. मग मुलाकडच्यांनी मोडला. कारण विचारू नका, त्यांनी आम्हालाही धड सांगितलं नाही. मी चार दिवस रडले आणि उठून कामाला लागले. पण लोकांना ते पुरत नाही. जिचा स्वतःचा साखरपुडा मोडलाय ती दुसऱ्यांच्या साखरपुड्याचे फोटो काढते, हे कळलं तर आया पोरींना उचलून घेऊन जातील. आणि जोडप्याबरोबर आलेली बाई टहाळ खाता खाता हमखास विचारायची, "तुमचं झालंय का हो लग्न?"

पहिल्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा मी उगाच जुडी निवडायला लागले. कॅमेऱ्याच्या मागून मैत्रीणच बोलली, "व्हय तर! हिचे मिस्टर पुण्याला असतात." झालं, त्या दिवसापासून मला पुण्याला मिस्टर मिळाले. कंपनीत नोकरी, शिफ्टमुळं येता येत नाही बिचाऱ्यांना. त्यांना मटण आवडत नाही. त्यांच्या आईला गुडघेदुखी. एकेका गिऱ्हाइकापुढं ती त्यांच्यात काहीतरी भर घालायची, मी मान खाली घालून टहाळ निवडत बसायचे, आणि गिऱ्हाईक गेलं की आम्ही दोघी पोट धरून हसायचो. तिचं हसू विचित्र आहे. शेवटी शेवटी घोरल्यासारखा आवाज येतो. तिला त्याची लाज वाटायची म्हणून परक्यांत ती तोंडावर हात धरायची. माझ्यासमोर नाही धरायची.

आणि एक जागा होती. तलावाच्या मागच्या अंगाला, लोक जातात तिथून बरंच आत, मातीचा एक उंचवटा आहे. पाण्याकडं झुकलेली एक बाभूळ, गुडघाभर वाळलेलं गवत, आणि संध्याकाळी ऊन बरोबर पाठीमागून येतं. आम्हाला ती सापडली तेव्हा मी वेड्यासारखी नाचले होते, उद्यापासून सगळी जोडपी इथंच आणू म्हणून. ती म्हणाली, "नाय. ही जागा धंद्यात आणायची नाय. ही आपली. तुझं परत जमेल ना, तेव्हा तुझा फोटो मी इथं काढीन. माझं आधी जमलं तर माझा तू काढायचास." मी म्हटलं, चल, काहीतरीच. पण त्यानंतर कितीही अडलं तरी तिथं आम्ही कुणाला नेलं नाही. परवानगीची कटकट होऊन मकबऱ्याच्या बाहेरून माघारी यावं लागलं तरी नाही.

तिचं जमलं मागच्या दिवाळीनंतर. मुलगा चांगला होता, खरंच चांगला होता, मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही. मी तर हवेतच गेले. बाभळीच्या कुठल्या बाजूला तिला उभं करायचं, साडी कोणत्या रंगाची घ्यायची म्हणजे गवतात हरवणार नाही, कॅमेरा मला धड जमत नाही तर कुणाकडून शिकून घ्यायचा, सगळं मी ठरवत बसले होते. ती म्हणायची, "बघू गं. त्यांना वेळ नाही. घरात गडबड आहे." मी म्हटलं, अगं टहाळाचे दिवस संपतील. ती म्हणाली, "बघू ना, घाई काय आहे." मला वाटलं, लाजतेय. काय मूर्ख बाई मी.

संक्रांतीच्या आसपास तिनं मला वैजापूरला पाठवलं. तिथल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं काम होतं, घरी जाऊन बोलणी कर म्हणाली. गेले. घरातल्या काकू मला बघून चकित. "अगंबाई, तुमच्या त्या मॅडमना कालच फोन केला होता की! आमचं पुढं ढकललंय." चहा पाजला, पोह्याची बशी पुढं ठेवली, आणि मी परत निघाले. मनात म्हटलं, विसरली असेल. स्वतःचा साखरपुडा तोंडावर आलाय, कुणाच्या डोक्यात काय राहतंय?

मार्केट यार्डाजवळून स्टँडकडं चालले होते. कांद्याचे ट्रॅक्टर रांगेनं उभे, धूळ, गोंगाट. तेवढ्यात तिचा फोन.

"अगं, ऐनवेळी एक जोडपं आलंय तलावावर. लई अवघडलंय यार. मुलगी तर निव्वळ लाकूड झालीये, काही केल्या खुलतच नाही. तू बोल ना जरा. स्पीकरवर टाकते."

"टहाळ आहे?"

"आहे."

"ऊन?"

"पाठीमागं."

"आणि पाण्याची रेघ कुठं येतीये? गळ्यातून जाऊ देऊ नको, मान कापल्यासारखी दिसते."

"नाही गं, खांद्याखाली घेतलीये."

मला बरं वाटलं. माझ्यावाचून अडलं की मला बरं वाटतं, आहे माझा तसा स्वभाव. मी एका ट्रॅक्टरच्या आडोशाला उभी राहिले आणि सुरू झाले. "दादा, तुम्ही जुडी धरा. ताई, तुम्ही घाटा सोला. एकमेकांकडं बघू नका, आयुष्यभर बघायचंच आहे. आधी दाण्यात अळी आहे का ते बघा. नीट वाका. अजून. दोघांनी मिळून बघा." पलीकडं सगळं गप्प. मुलगी एक शब्द बोलेना. लाजत असेल म्हटलं. मी मनातल्या मनात तीन मोजले आणि वैजापूरच्या त्या यार्डाबाहेर, उतरत्या उन्हात, जीव खाऊन ओरडले, "अळी!"

ट्रॅक्टरवरचा बाप्या ताडकन उठला. "ओ ताई! कुठंय अळी? आपल्या कांद्यात अळी नाय हां! माल एक नंबर हाय, हात घालून बघा!" चार हमाल गोळा झाले. मी एका हातानं त्यांना 'नाही हो, तुमच्या कांद्याला नाही' म्हणतेय, दुसऱ्या हातानं फोन कानाशी, आणि फोनमधून हसण्याचा असा काही स्फोट झाला की विचारू नका. एक पुरुष हसत होता. आणि ती हसत होती, माझी मैत्रीण, अगदी घोरेपर्यंत. मलाही हसू आवरेना. तरी काम सोडलं नाही मी. "दाब आता! ओसरतंय बघ, दाब, दाब!"

फोन बंद झाला. बसमध्ये खिडकीशी बसून मी कितीतरी वेळ एकटीच हसत होते.

आठवडाभरानं मी शहागंजला गेले. तिथं आमचे एक फ्रेमवाले चाचा आहेत, गिऱ्हाइकांच्या मोठ्या फ्रेमा त्यांच्याकडूनच करून घेतो. मला बघून ते खूश झाले. "आओ बेटी, बरोबर टाइमाला आलीस. तुमच्या मैत्रिणीचा फोटो आत्ताच लावला बघ. क्या निकाला है तुमने!"

भिंतीला टेकवून ठेवला होता. माझ्या छातीएवढा उंच. बाभूळ, गवत, पाठीमागून ऊन. पाण्याची रेघ खांद्याखाली. तिच्या हातात अर्धा सोललेला घाटा, त्याच्या हातात जुडी, आणि हसू ओसरता ओसरता दोघं एकमेकांकडं बघतायत. तोंडावर हात नव्हता तिच्या.

सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मनात आलं ते, किती छान आलाय. मग तो ट्रॅक्टरवरचा बाप्या आठवला. मग ती गप्प मुलगी. मग मी चाचांच्या स्टुलावर बसले आणि डोळे पुसायला लागले. त्यांना वाटलं, आनंदानं. त्यांनी पाणी दिलं, वर म्हणाले, "रोना नाही बेटी, अच्छा दिन है."

तिथून मी रिक्षा करून थेट खोलीवर. ती लॅपटॉपवर काहीतरी करत होती. मी चप्पल न काढताच विचारलं, "त्या दिवशी तलावावर कोण जोडपं होतं?"

तिला लगेच कळलं. लॅपटॉप मिटला तिनं.

"मी सांगणारच होते."

"कधी? नातवंडं झाल्यावर?"

"आधी ऐकून तर घे. सासूबाईंनी विचारलं, बरोबर काम करते ती मुलगी कोण, तिचं लग्न झालंय का."

"मग? पुण्याचे मिस्टर मेले का माझे?"

तिनं मिटलेल्या लॅपटॉपवरून हात फिरवला. मग म्हणाली, "घरच्यांना खोटं कसं सांगू?"

घरच्यांना! इतकी वर्षं जी बाई अख्ख्या गावाला माझ्या नवऱ्याच्या आईच्या गुडघ्यांची खबर देत होती, तिला महिन्याभरात घरचे मिळाले, आणि त्या घरच्यांना द्यायला पहिली खरी गोष्ट सापडली ती माझी. मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. ती खाली बघून ऐकत राहिली. मग तिनं सांगितलं. सासूबाई वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की जिचं मोडलंय तिचा हात मंगलकार्याच्या फोटोला लागायला नको. तिनं हो म्हटलं. कॅमेरा मावसभावाच्या हातात दिला. पण फोटो काही केल्या येईनात. दुसऱ्यांना उभं करून करून सगळं माहीत असलेली बाई, स्वतः उभी राहिली आणि तोंड लाकडासारखं झालं.

"म्हणून मला फोन केलास."

"म्हणून नाही गं," ती म्हणाली, आणि आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू असायला पाहिजे होतीस मला. तुझ्याशिवाय मला नको होता तो फोटो. हातही लागला नाही तुझा, त्यांचं म्हणणंही राहिलं, आणि तू होतीसपण. मी तर किती विचार करून केलं हे."

तिला खरंच तसं वाटत होतं, तेच वाईट आहे. खोटं बोलली असती तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. तिनं माझा आवाज घेतला आणि मला कांद्याच्या बाजारात उभं ठेवलं, आणि वर तिला वाटत होतं की तिनं माझ्यासाठी काहीतरी केलं.

"मी नव्हते तिथं," मी म्हटलं. "मला काही दिसलं नाही. शेकडो पोरींना हसताना बघितलंय मी. तुला बघायचं होतं." एवढं बोलले आणि मलाच रडू फुटलं, तशीच बाहेर पडले.

साखरपुड्याला जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण तिच्या आईचा फोन आला. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. "तू नाही आलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी," म्हणाल्या. त्या बाईनं माझ्या मोडलेल्या साखरपुड्यानंतर मला रोज डबा पाठवला होता. गेले.

हॉलच्या दारातच फोटो, झेंडूच्या माळा घालून. लोक थांबून थांबून बघत होते. शेजारी एक बाई, भरजरी शालू, नथ, येणाऱ्या-जाणाऱ्याला गुलाबपाणी शिंपडत होत्या. चेहऱ्यावरून मुलाची आई. मला त्यांनी कधी बघितलं नव्हतं. माझ्या अंगावरही त्यांनी हसून गुलाबपाणी शिंपडलं. माझ्या पुढच्या बाईनं विचारलं, "काय सुंदर फोटो हो! कुणी काढला?"

"पुण्याचा आहे कुणी मोठा फोटोग्राफर," त्या कौतुकानं म्हणाल्या. "आमच्या सूनबाईनं खास बोलावला होता."

अडचण आली की हिच्याकडं पुण्याचा माणूस तयारच. मी त्या फोटोकडं बघत उभी राहिले. वाटलं, सांगून टाकावं आत्ता, इथंच, सगळ्यांदेखत. शब्द ओठांवर आले होते. पण त्या बाईंच्या मागं काकू दिसल्या, सगळ्यांना आत बोलावत होत्या, आणि मी गिळलं.

आत स्टेजवर अंगठ्या घालून झाल्या होत्या. हॉलचा फोटोग्राफर त्या दोघांना मध्ये उभं करून सूचना देत होता. "मॅडम, जरा हसा ना. थोडं अजून. असं नाही मॅडम, नॅचरल." तो दर वेळी बोलला की तिचं तोंड आणखी घट्ट होत होतं. दात दाखवत होती नुसती. पाहुणे समोर खुर्च्यांवर, सासूबाई आता पहिल्या रांगेत, मुलगा कानात काहीतरी पुटपुटतोय, तरी काही जमेना.

मग तिनं मला बघितलं. गर्दीच्या डोक्यांवरून थेट. ती नजर मला ओळखीची होती. एखादं जोडपं काही केल्या खुलत नसलं की कॅमेऱ्याच्या मागून ती माझ्याकडं अशीच बघायची. म्हणजे, बोल आता.

एक शब्द पुरला असता. सगळा हॉल वळून बघत राहिला असता, सासूबाईंना काही कळलं नसतं, आणि ती हसली असती, घोरेपर्यंत. तिला तोच हवा होता. मलाही तिला हसताना बघायचं होतं, अजूनही. घशापर्यंत आला होता तो.

ती बघत राहिली. मी तोंड मिटून उभी राहिले.

"ठीक आहे मॅडम, असूद्या," फोटोग्राफर म्हणाला, आणि त्यानं बटण दाबलं.